हौद्यातल्या सात फळ्या

कुंताबाईचा उजवा पाय हौद्याची फळी फोडून मांडीपर्यंत खाली गेला, तेव्हा गाडी चालूच होती. मागे सतरा बायांनी एकदम गिल्ला केला. हर्षाला आधी वाटलं, नेहमीची हसाहसी चालली आहे. धानाच्या रोवणीच्या टोळीत सकाळच्या प्रहरी कोणी ना कोणी आपल्या नवऱ्याची नक्कल करतेच. मग टपावर तळहातांचा धडाका सुरू झाला आणि तिने ब्रेक दाबला.

उतरून पाहते तो मागच्या चाकाच्या वीतभर पुढे एक पाय लोंबत होता. पोटरीवरून रक्ताचा ओघळ येत होता आणि त्या पायाची मालकीण वरून सगळ्यांना दम भरत होती.

"ओढू नोका वो मले! फळीचे दात रुतून राहिले मांडीत. आधी फळी तोडा, मंग कुंता काढा."

जॅकच्या दांड्याने फळी तोडली. तोडली कसली, भिजलेल्या पावासारखी ती हातानेच कुसकरली गेली. वरून तेल पाजून धडधाकट दिसणारं लाकूड आतून केव्हाच माती झालं होतं. कुंताबाईला उचलून बांधावर बसवलं, कोणीतरी लुगड्याचा पदर फाडून जखमेवर बांधला. हर्षा तिच्यासमोर उकिडवी बसली होती. ही गाडी तिच्या हातात होती, आणि वीतभर अंतर चुकलं असतं तर तो पाय चाकाखाली होता.

मागून प्रविणची पांढरी पिकअप येऊन थांबली. हा गावातलाच. तीन वर्षांत दोन नव्या गाड्या घेतल्या, रोवणीचे हुंडे धरायला लागला; म्हणजे शेतकऱ्याशी ठेका ठरवायचा तो, आणि बायांनी त्याच्या गाडीत बसून तो म्हणेल त्या बांधीत, धानाच्या वाफ्यात, वाकायचं. गावातल्या चार टोळ्या त्याच्या झाल्या होत्या. ही पाचवी तेवढी बाकी होती, जी आपला हुंडा आपण ठरवायची आणि हर्षाच्या सासऱ्याच्या, यादोरावच्या, जुन्या गाडीतून जायची.

"वयनी, जास्त तं नाही ना लागलं?" त्याने काच खाली केली. उत्तराची वाट पाहिली नाही. "म्या मागच्या सालीच सांगतलं होतं, गाडी भंगारात दे म्हणून. आता बायांले बसू दे माह्या गाडीत. तू बी ये मांगं. जागा हाय."

बाया एकमेकींकडे पाहत राहिल्या. धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, उपटून ठेवलेले, शेतकरी बांधावर उभा, ढग भरून आलेले. रोवणी कोणासाठी थांबत नाही. एकेक करून त्या पांढऱ्या गाडीत चढल्या. कुंताबाईही चढली, फाटक्या पदराने बांधलेला पाय ओढत. चढताना ती हर्षाकडे न पाहता म्हणाली, "फळ्या बदल. भोकाची गाडी घेऊन येऊ नोको."

हर्षा रिकामी गाडी घेऊन गावी, एकोडीला, परत आली. हौद्यातल्या भोकातून रस्ता पळताना दिसत होता.

*

ती गाडी म्हणजे यादोरावांचा जीव की प्राण. पंचेचाळीस वर्षांची जुनी जीप-पिकअप, कुठल्याशा सरकारी लिलावात घेतलेली. तिच्या कपाळावर निळ्या रंगात जयभीम लिहिलेलं. दर दसऱ्याला निम्मा मोहल्ला तिच्यात कोंबून ते नागपूरला दीक्षाभूमीवर नेत. पोरगा सुगत गाडीला हात लावायचा नाही, त्याला नागपूरच्या कंपनीतली नोकरी बरी वाटली. मग म्हाताऱ्याने सुनेला शिकवली. गावाने तोंडात बोटं घातली. म्हाताऱ्याने ती बोटं मोजली नाहीत. दोन वर्षांपूर्वी तो गेला आणि हर्षाने स्टेअरिंग सोडलं नाही.

सुगतला फोन केला तर तो म्हणाला, "इकून टाक ना. कायले तरास घेतं?"

"टोळी कोण नेईन मंग?"

"प्रविण नेते ना."

हर्षाने फोन ठेवून दिला. नवरा माणूस चांगला होता, पण काही गोष्टी त्याला नागपुराहून दिसत नसत.

साकोलीच्या वेल्डरने सोपा तोडगा सांगितला: जाड पत्रा मारून टाकू, दोन तासांचं काम. हर्षा त्याच्या दुकानात उभी राहून तयार झालेल्या एका हौद्याला हात लावत होती. उघडीप पडलेली, ऊन नुसतं बाराचं, आणि पत्र्यावर हात ठेववत नव्हता. तिच्या बाया अनवाणी. दिवसभर चिखलात वाकून आल्यावर त्यांना बसायचं असतं, पाय लांब करायचे असतात. पाऊस असला की पत्र्यावर शेवाळल्यासारखं घसरतं, ऊन असलं की तव्यासारखं भाजतं. प्रविणच्या गाडीत पत्राच होता.

"नोको," ती म्हणाली. "लाकूडच पायजे."

"आता कोन टाकते लाकूड, ताई? जमाना गेला."

"माही गाडी बी गेलेल्या जमान्याचीच हाय," ती म्हणाली आणि नुसते बोल्ट घेऊन आली.

लाकूड घरातच होतं. चुलीवरच्या आढ्याला येनाच्या, म्हणजे ऐन लाकडाच्या, नऊ फळ्या बांधून ठेवलेल्या, धुराने काळ्याकुट्ट. यादोरावांनी वनखात्याच्या डेपोतून रीतसर पावती करून आणलेल्या. त्यांचा दिवाण व्हायचा होता. सासू पार्वताबाईचे गुडघे गेलेले, खालून उठताना ती भिंतीला धरून धरून उठायची, म्हणून म्हातारा म्हणाला होता, तुले दिवाण बनवून देतो. आज-उद्या करता करता अकरा वर्षं झाली, आणि बोलणारा गेला.

हर्षा आढ्याकडे पाहत राहिली. मागायचं कसं? पार्वताबाई तांदूळ निवडत होती, तिने मान वर केली नाही.

"पाहून काय राहिली? शिडी लाव."

"मामी, तुमचा दिवाण..."

"अकरा वर्षं जमिनीवर निजलो, मेली का मी? थे कुंता माह्या संगं रोवणा करत होती, लगन झालं तवापासून. तिचा पाय गेला आपल्या गाडीतून. मी दिवाणावर निजून काय करू?" मग जरा थांबून, "दोन फळ्या उरतीन तं पाट करजो मले. बसाले."

*

जुना तळ सोडवायला दीड दिवस गेला. बोल्ट गंजून खालच्या आडव्या लोखंडी चॅनलशी एकजीव झालेले. हर्षा गाडीखाली पाठीवर पडून पान्याला लोंबकळायची; गंजाचा चुरा डोळ्यांत यायचा, नट फिरायचा नाही, बोल्टच फिरायचा. काही छिन्नीने तोडले. डाव्या तळहाताची साल गेली. जुन्या फळ्यांच्या मधोमध लोखंडाच्या लांब पट्ट्या होत्या, दोन फळ्यांच्या फटीवर बसवलेल्या. त्या तिने काढून भिंतीला टेकवून ठेवल्या.

फळ्या बसवायला देवाजी सुतार आला. सत्तरी ओलांडलेला, पंचक्रोशीतल्या बैलगाड्या त्याच्या हातच्या. पण शेवटची गाडी करून त्याला चौदा वर्षं झाली होती. आता कुदळीला दांडा, खाटेला खूर, असली कामं. हर्षाच्या अंगणात येऊन त्याने येनाच्या फळीवर रंधा फिरवला. काळ्या कातडीखालून तांबूस लाकूड निघालं, आणि म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरचं वय दहा वर्षांनी उतरलं.

"हे पाय पोरी, असं लाकूड आता पाहाले भेटत नाही. हाडावानी सुकलं."

"काका, फट नोको ठेवू," हर्षा म्हणाली. "जुन्या तळात जिथं पट्टी निघाली तिथं बायांच्या पायाची बोटं अडकत होती. धान बी सांडे."

"फट?" देवाजी दुखावल्यासारखा झाला. "देवाजीच्या गाडीत मुंगी शिरत नाही. अना ह्या पट्ट्या कायच्या?"

"फटीवर होत्या."

"ज्याले जोड जमत नाही थो पट्टी मारते. ठेव तिकडे."

आणि खरोखर, त्याने असं काम केलं की पाहत राहावं. सात फळ्या, एकीच्या कडेला दुसरीची कड अशी भिडवलेली की मधून केस जाऊ नये. शेवटची फळी तर लाकडी हातोड्याने ठोकून ठोकून आत बसवली. वरून जवसाचं तेल, खालून गाडीचं जळकं ऑइल. बुधवारी संध्याकाळी मोहल्ल्यातले लोक हौदा पाहायला आले. कोणी बोटांनी जोड शोधला, सापडला नाही. देवाजी बाजूला उभा राहून बिडी ओढत होता आणि आपलं लक्षच नाही असं दाखवत होता. हर्षाला वाटलं, उद्याच टोळी आणावी. पण आधी दोन-तीन दिवस ओझं टाकून पाहू, बायांच्या अंगावर परीक्षा नको, असं तिने ठरवलं. तेवढं शहाणपण तिला सुचलं म्हणून बरं.

केवळराम नावाच्या शेतकऱ्याचे पऱ्हे एका बांधीतून दुसऱ्या बांधीत न्यायचे होते. गुरुवारी आणि शुक्रवारी दिवसभर तिने ते वाहिले. नुकत्या उपटलेल्या धानाच्या रोपांच्या पेंड्या, मुळांना चिखल, प्रत्येक पेंडीतून पाणी ठिबकतंय. वरून पाऊस. हौद्यात घोटाभर पाणी साचायचं. फट नव्हतीच तर निथळेल कुठून?

शनिवारी सकाळी तिने हौद्याचा मागचा फाळका पाडला आणि पाहतच राहिली. तळ मधोमध म्हशीच्या पाठीसारखा उठला होता. अकरा वर्षं धुरात सुकलेलं लाकूड दोन दिवस पोटभर पाणी प्यालं, फुगलं, आणि फुगायला जागा नाही म्हणून वर आलं. दोन बोल्टांची डोकी लाकडात घुसून गेली होती. एक फळी कडेने चिरली होती.

गाडी कुठेही न्यायची तर चौकातल्या चहाच्या टपरीसमोरूनच जावं लागायचं. प्रविण तिथे चार-पाच जणांत उभा होता. गाडी पाहून तो पुढे आला, हौद्यात डोकावला.

"वयनी, हौद्यात धुरा टाकला का? पाणी अडवाचं हाय?"

सगळे खदखदून हसले. शेतातला बांध गाडीत, असा विनोद गावात पुन्हा होणार नव्हता. हर्षाचे कान तापले. उत्तर द्यायला तोंड उघडलं असतं तर रडू आलं असतं, आणि त्या लोकांसमोर ती मेली तरी रडणार नव्हती. तिने गियर टाकला.

*

संध्याकाळी ती कुंताबाईकडे गेली. कुंताबाई ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती. पाय समोर लांब, घोट्यापर्यंत सुजलेला. मांडीवरच्या जखमेतून पाणी येत होतं.

"मावशी, दवाखान्यात नाही गेल्या?"

"गेलो. सुई मारली. पाण्यात जाऊ नोको म्हणते डॉक्टर." कुंताबाई हसली. "रोवणा काय गच्चीवर होते का गा, म्हटलं त्याले."

"मंग घरी बसा ना चार दिवस."

"चिखलाचं काही नाही. चिखल अंगचा हाय. थे पाटाचं पाणी लागते मले." आणि मग कुंताबाईने सांगितलं. प्रविणच्या गाडीत चिखलाच्या पायांनी चढायचं नाही. संध्याकाळी कालव्याच्या पाटाजवळ गाडी थांबवतो. अठरा बायांनी ओळीने पाटात उतरायचं, मांडीपर्यंतचा चिखल धुवायचा, तो पाहणार, मग चढायचं. धारेला ओढ असते. ओल्या लुगड्यानं पत्र्यावर बसायचं. एकीच्या टाचेला चिखल राहिला तर तिला परत पाठवली. "म्हणते, गाडी नवी हाय. आमी का जुन्या हाव?"

हर्षाला आपल्या फुगलेल्या तळाची लाज वाटत होती, आणि त्या लाजेखालून राग वर येत होता, आणि राग बरा वाटत होता.

"अना पुढच्या आठोड्यापासून हुंडा थोच ठरवन म्हणते," कुंताबाई म्हणाली. "बाया हो म्हणून राहिल्या. गाडी नाही तं काय करतीन? पायानं आठ किलोमीटर जातीन?"

"सोमवारी येतो मी."

"तुही गाडी पोट फुगवून बसली म्हणते."

"फुगली हाय. मेली नाही."

कुंताबाईने तिच्याकडे नीट पाहिलं. "माह्या पायाले बिचारून येजो मंग," ती म्हणाली. "मी येईन. पाय घाबरते."

*

देवाजीकडे जायची हिंमत रविवारी सकाळी केली. गावातलं हसणं त्याच्याही कानावर गेलं होतं. दारात पाठ करून बसला होता, वळला नाही.

"पत्रा मारून टाक," तो म्हणाला. "माहा हात गेला."

खरं तर त्याला दोष देता आला असता. लोकांनी दिलाच होता. पण हर्षा जाताना रस्ताभर आठवत गेली होती, फट नको हे पहिल्यांदा कोण म्हणालं.

"काका, फट नोको म्याच म्हटलं होतं. अना पट्ट्या मी भिताडाले टेकवल्या. मामाजीच्या गाडीत पंचेचाळीस वर्षं पट्ट्या होत्या, मले डोळे नव्हते का?"

म्हातारा आता वळला. मग हळूच म्हणाला, "बैलगाडीले पावसात मांडवाखाली ठेवते. धान न्याचं तं दिवाळीच्या मांगं, कोरड्यात. म्या जनमभर कोरडी गाडी केली. हे गाडी पाण्यात राहते, हे ध्यानातच नाही आलं, पोरी." त्याने पायात चपला सरकवल्या. "सगळ्या फळ्या पुन्यांदा रंधाच्या म्हणजे दोन दिवस."

"सगळ्या कायले? पाणी पिऊन जेवढं फुगाचं थेवढं आता फुगलं. आता ओलं हाय तवाच माप घ्या. जेवढं जास्त झालं थेवढं एका फळीतून काढा. उन्हाळ्यात सुकन तं सुकू द्या. फट पडन, तिच्यावर पट्टी राहीन."

देवाजी उठता उठता थांबला. साठ वर्षं लाकूड कापणाऱ्या माणसाला हे एका ड्रायव्हर बाईने सांगावं! पण कारागीर खरा होता, खरं बोललेलं त्याला ऐकू यायचं.

"चिरली थेच काढू," तो म्हणाला. "चीर बी जाईन."

रविवार बोल्ट सोडण्यात गेला. या वेळी ते सरळ निघाले, नवे होते. चिरलेली फळी दोघांनी दोन बाजूंनी धरून करवतीने लांबीला कापली, अंगठ्याएवढी पट्टी काढून टाकली. ओलं लाकूड करवत धरून ठेवतं. हर्षाचे खांदे भरून आले, सालटं निघालेल्या तळहातातून पुन्हा रक्त आलं. पार्वताबाई पाटावर बसून जुन्या पट्ट्यांचा गंज विटेच्या तुकड्याने घासत होती आणि दोघांना घाई करत होती. फळ्यांच्या मधे देवाजीने काडेपेटीच्या काड्या धरून फट ठेवली, वरून पट्ट्या, पट्ट्यांतून बोल्ट. प्रत्येक नटाखाली रुंद वायसर. शेवटचे चार बोल्ट राहिले आणि अंधार झाला. ते सोमवारी दुपारी बसले.

*

म्हणून सोमवारी सकाळी टोळी प्रविणच्याच गाडीत गेली. केवळरामच्या पाटाकाठच्या बांधीत रोवणी होती. चार वाजता हर्षा शेवटचे पऱ्हे घेऊन तिकडे निघाली. पाटाच्या पाळीवरचा, म्हणजे काठच्या मातीच्या बांधावरचा, रस्ता एकाच गाडीचा. एका अंगाला पाट, दुसऱ्या अंगाला खोल बांधी. शेताजवळच्या खळ्यावर पेंड्या उतरवून तिने गाडी वळवली, पाळीवर आणली, आणि गावाकडे तोंड करून उभी केली. इंजिन बंद केलं. बांधीत अठरा पाठी एका ओळीत मागे मागे सरकत होत्या. कोणी मान वर करून पाहिलं नाही, पण सगळ्यांनी पाहिलं होतं.

साडेपाचला गावाकडून पांढरी पिकअप आली आणि पाटाच्या पायऱ्यांजवळ थांबली, हर्षाच्या गाडीसमोर वीस पावलांवर, तोंडाला तोंड. प्रविण उतरून पायऱ्यांच्या वर उभा राहिला.

"चाला, पाय धुवा. लवकर."

बाया बांधीतून वर आल्या. मांडीपर्यंत काळा चिखल, हाताच्या बोटांना पांढऱ्या चिरा. पहिल्या चारजणी सवयीने पायऱ्या उतरायला लागल्या. एका आठवड्यात सवय होते. माणसाला कशाचीही होते.

कुंताबाई वरच उभी राहिली.

"मले पाण्यात जाता नाही येत. डॉक्टरनं मनाई केली."

"सकाळपासून चिखलात होती, थे चालते? माह्या गाडीत घाण नोको. नाही तं पैदल ये."

"बरं," कुंताबाई म्हणाली.

आणि ती पायी निघाली. लंगडत, एक हात कमरेवर ठेवून, वीस पावलं, जुन्या गाडीकडे. पाटात उतरलेल्या चारजणी तिच्याकडे पाहत राहिल्या. मग एक वर आली, मग दुसरी. मग सगळ्याच.

हर्षाने फाळका पाडला. तेल पाजलेल्या फळ्या उन्हात तांबूस दिसत होत्या. कुंताबाई फाळक्याला धरून उभी राहिली, आणि तिचा उजवा पाय उचलेना. तिने ओठ चावला, जोर केला, मांडी नुसती थरथरायला लागली. ते पाहून हर्षा झेप घेऊन वर चढली आणि उड्या मारायला लागली. एका फळीवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर, दात-ओठ खाऊन, टाचा आपटत. सातही फळ्या झाल्या, पुन्हा पहिलीवर आली.

"उतर खाली!" कुंताबाई ओरडली. "नाच पाहाले नाही आलो तुहा. गाडी चालव!"

आणि तिने दुखरा पायच आधी ठेवला. चिखलाने माखलेला अख्खा पंजा नव्या फळीवर बसला. तिने भार टाकला. फळी कुरकुरली नाही. मग बाकीच्या चढल्या, एकीमागून एक, आणि चिखलाचे छत्तीस पाय त्या हौद्यात मावले. कोणीतरी मुद्दाम पाय आपटला, मग सगळ्याच आपटायला लागल्या.

हर्षाने स्टेअरिंगवर बसून इंजिन चालू केलं. प्रविण आपल्या गाडीत जाऊन बसला होता. त्याने खिडकीतून हात बाहेर काढला.

"वयनी, गाडी मांगं घे. मी खळ्यावरून वळवतो."

त्याचं म्हणणं तसं वावगं नव्हतं. खळं हर्षाच्या मागे पन्नास पावलांवर होतं. प्रविणच्या मागे गाडी वळायची जागा म्हणजे पूल, अर्ध्या किलोमीटरवर. हर्षाचा हात आपसूक रिव्हर्सच्या गियरवर गेला. मागून टपावर थाप पडली.

"नोको घेऊ मांगं!" कुंताबाईचा आवाज आला. "भरली गाडी मांगं सरत नाही!"

हर्षाचा हात थांबला. बैलगाड्यांच्या काळातला तो कायदा या भागात सगळ्या म्हाताऱ्यांना पाठ होता. तलावाच्या पाळीवर, पाटाच्या पाळीवर दोन गाड्या समोरासमोर आल्या तर रिकामी मागे सरायची, भरली पुढे जायची. रिकामी गाडी मालगुजाराची, गावच्या जमीनदाराची, असली तरी. बैल सोडून, जू उचलून, हाताने ढकलत मागे न्यायची, पण न्यायची.

हर्षाने चावी फिरवली. इंजिन बंद झालं. चावी काढून तिने मुठीत धरली आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"प्रविणभाऊ, तुही गाडी भरली हाय का?"

"काय?"

"भरली का रिकामी?"

उत्तर हौद्यातल्या अठराजणींनी दिलं, एका तोंडाने, "रिकामी!" बांधावर केवळराम उभा होता. प्रविणने त्याच्याकडे पाहिलं, म्हातारा माणूस आहे, मधे पडेल. केवळरामने डोक्यावरचा दुपट्टा काढला, झटकला, पुन्हा बांधला.

"तुहा आजा गाडीवान होता," तो म्हणाला. "त्यानं बी मांगंच घेतली असती, बापू."

पाटाचं पाणी वाहत होतं. मग पांढऱ्या गाडीचे मागचे दिवे लागले. तिच्यातून रिव्हर्सची ती शहरी टुंग-टुंग वाजायला लागली आणि ती मागे सरायला लागली, आधी हातभर, मग थांबून, मग पुन्हा. प्रविण मान वळवून वळवून पाहत होता. एका बाजूला पाट, दुसऱ्या बाजूला बांधी, जरा चुकला तर चाक चिखलात.

हर्षाने चावी लावली. जुनं इंजिन पहिल्या सेल्फला घरघरलं आणि बंद पडलं. मागे बायांनी श्वास धरला. दुसऱ्याला लागलं.

तिने पहिला गियर टाकला. पुलापर्यंतचा अर्धा किलोमीटर पांढरी गाडी मागे मागे जात राहिली आणि जुनी तिच्यासमोर वीस पावलं ठेवून पुढे पुढे. त्याला वेळ लागत होता. हर्षाने हॉर्न एकदाही वाजवला नाही.